कांगसाहेबांची कंपनी

"ताट उचल! आत्ताच्या आत्ता! किती वेळा सांगायचं?"

मी मुलीवर ओरडत होते. सिडनीतल्या केलीव्हिलच्या नव्या घरात येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. मागच्या अंगणात जेवणं आटोपली होती आणि ईरा ताट तसंच टाकून ट्रॅम्पोलिनवर चढली होती. "मम, आय हर्ड यू!" असं नेहमीचं उत्तर देऊन ती उड्या मारत राहिली. तेवढ्यात कुंपणापलीकडून जाड, खरखरीत आवाज आला, "उचल! उचल! लवकर! चला!"

ईरा घाबरून खाली उतरली आणि तिने ताट उचललं. कुंपणावर एक डोकं दिसलं. पांढरे बारीक कापलेले केस, गोल कोरियन चेहरा, शर्टाचं गळ्यापर्यंत लावलेलं बटण.

"नमस्कार ताई," ते डोकं म्हणालं. "मी कांगसाहेब."

'साहेब' हा आपल्या नावाचाच भाग आहे अशी त्यांची समजूत असावी, असं मला तेव्हा वाटलं. नंतर कळलं की अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता. पुण्यापासून तासाभरावरच्या माळावर त्यांनी फ्रिजचा कारखाना उभा केला होता. तिथे आठ वर्षं सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, आणि जगभरच्या नोकरीत मिळालेल्या सगळ्या नावांमध्ये हेच त्यांना सगळ्यात आवडलं होतं.

त्यांचं मराठी कारखान्यातलं होतं, त्यामुळे ते बहुतेक हुकमांचंच होतं. उचला, ठेवा, चालू करा, बंद करा, अजून एक, पुन्हा बघा. विनंती, शंका, खेद यांसाठी त्यांच्याकडे मराठी शब्दच नव्हते. तिथे ते इंग्रजीवर येत. मी डब्यातून मिसळ पाठवली की डबा परत देताना कुंपणावरून ओरडत, "ताई, तर्री वाढवा!" आणि डब्यात स्वतः घातलेली किमची, म्हणजे कोबीचं कोरियन लोणचं, असे. माझा नवरा निखिल म्हणायचा, "हा माणूस इथे रिटायर होऊन आलेला नाही, त्याची फक्त बदली झालीय."

शेजारचं घर त्यांच्या मुलीचं, मिन्जूचं. ती फार्मासिस्ट, माझ्याच वयाची, कमी बोलणारी. तिने आईवडिलांना सिडनीला आणलं ते आईसाठी. आईला विसराळूपणाचा आजार जडला होता आणि आम्ही राहायला येण्याच्या थोडंच आधी तिला जवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवावं लागलं होतं. कांगसाहेब रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसने तिथे जात, तिला दुपारचं जेवण भरवत आणि परत येत. एकदा मी कौतुकाने काही बोलले, तर मिन्जू कोरडेपणाने म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच ते रोज तिच्याबरोबर जेवतायत. तिला ते कळत नाही, एवढंच."

कांगसाहेबांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनंतर 'आमची कंपनी' यायची. त्यांनी कंपनीचं नाव माझ्यासमोर फार क्वचित घेतलं. तसं ते जगाला माहीत असलेलं नाव होतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हवरही होतं. पण ते 'आमची कंपनी'च म्हणत, जसं आपण 'आमच्याकडे' म्हणतो. संस्थापकाला ते 'मोठे साहेब' म्हणत.

कोरियातलं युद्ध संपल्यावर एका बंदराच्या गावात मोठे साहेब आणि त्यांची बायको लष्कराच्या भंगारातून ॲल्युमिनियमची पातेली ठोकून बाजारात विकत. सैन्यातून सुटून आलेले तरुण कांग त्या पत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागले तेव्हा मोजकीच माणसं होती. दुपारी सगळे एकाच पातेल्यातलं जेवत, आणि ते पातेलं बाईसाहेब स्वतः चुलीवरून उतरवत. "मोठे साहेब आधी मला वाढायचे," कांगसाहेब सांगत. "म्हणायचे, कांग जास्त उचलतो, कांगला जास्त भात."

पुढचं सगळं ते एखाद्या पुराणासारखं सांगत. पातेल्यांनंतर स्टोव्ह आले, मग पंखे, मग फ्रिज. पत्रा बाहेरून घ्यावा लागतो, म्हणून पोलादाचा कारखाना काढला. पोलाद परदेशी न्यायला जहाजं भाड्याने घ्यावी लागतात, म्हणून जहाजं बांधायची गोदी काढली. जहाजांना विमा लागतो, म्हणून विमा कंपनी. "दुसऱ्याचं का घ्यायचं? आपलं करा!" हे मोठ्या साहेबांचं वाक्य ते मराठीतच म्हणत, मूठ आपटून. मग कामगारांसाठी वसाहती झाल्या, शाळा झाली, दुकानं झाली, हॉस्पिटल झालं. मिन्जू त्याच हॉस्पिटलात जन्मली आणि कंपनीच्याच इमारतीत वाढली. अशा एका घराण्याच्या मालकीच्या अवाढव्य कंपन्यांना कोरियन लोक 'चेबोल' म्हणतात, हे मला मिन्जूने सांगितलं. कांगसाहेबांना तो शब्द आवडत नसे. "तो पेपरवाल्यांचा शब्द," ते म्हणत. "कंपनी म्हणजे घर."

मिन्जूच्या जन्माच्या वेळी ते आखातातल्या वाळवंटात होते. ती शाळेत जायला लागली तेव्हा इंडोनेशियात. ती कॉलेजात होती तेव्हा पुण्यात. वर्षातून एकदा, कोरियन नववर्षाला ते घरी जायचे, तेही जमलं तर. "मोठे साहेब म्हणायचे, झोप म्हातारपणी घ्या," एकदा ते मला म्हणाले. मग हसून पुढे म्हणाले, "आता म्हातारा झालो, ताई. झोप नाही."

मग करोना आला. मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. त्या दिवसांत शिफ्टला सुरुवात आणि शेवट राहिला नव्हता. घरी आले की गॅरेजमध्ये कपडे बदलायचे आणि ईराला जवळ घ्यायचं नाही, असं चाललं होतं. वृद्धाश्रमाने भेटी बंद केल्या. तरी पहिले काही दिवस कांगसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून बस स्टॉपपर्यंत जायचे आणि परत यायचे. "लाइन बंद," ते मला कुंपणावरून सांगत आणि दोन्ही हात पसरत. कारखान्यात लाइन बंद पडली की त्यांना किती घाम फुटत असे ते मी अनेकदा ऐकलं होतं. त्यामुळे ते हसत नव्हते तेव्हा मीही हसले नाही.

काही आठवड्यांनी खिडकीतून भेटायची सोय झाली. मिन्जूला फार्मसीतून निघता येत नव्हतं म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना गाडीने घेऊन गेले. ते बाहेर झुडपांच्या वाफ्यात उभे, काचेच्या आत खुर्चीत त्यांची बायको. तिथल्या मुलीने तिच्या कानाला फोन धरला होता. मी जरा लांब उभी राहिले. कांगसाहेब बोलले, मग बराच वेळ ऐकत राहिले, आणि अधूनमधून मान हलवत राहिले, वरिष्ठांपुढे हलवावी तशी. बाई भराभर बोलत होती आणि तिचं बोट काचेवर आपटत होतं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

त्यांनी सीटबेल्ट लावला. मग इंग्रजीत सांगितलं. "तिने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, ऑफिसचा माणूस. ती म्हणाली, बरं झालं आलात. माझ्या नवऱ्याला निरोप द्या. मुलीला ताप आहे. या नववर्षाला तरी या म्हणावं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, देतो निरोप."

त्यानंतर प्रत्येक भेटीत ते ऑफिसचा माणूसच राहिले. एकदा त्यांनी आपण कोण ते खरं सांगून पाहिलं, तर तिने फोन खाली ठेवला आणि खुर्ची फिरवून घेतली.

त्या हिवाळ्यात सोलमध्ये मोठे साहेब वारले. नव्वदी केव्हाच ओलांडली होती. बातमी कळली त्या सकाळी कांगसाहेब आमच्या दारात आले. काळा सूट, काळा टाय. तेव्हा देशाबाहेर जायला सरकारची परवानगी लागत होती, आणि तो अर्ज ऑनलाइन भरायला त्यांना मदत हवी होती. मिन्जूने नाही म्हटलं होतं. मी लॅपटॉप उघडला. मृताशी तुमचं नातं काय, या प्रश्नाशी येऊन आम्ही थांबलो.

"काका लिहू?" मी विचारलं. "कोण बघतंय?"

"खोटं नको," ते मराठीत म्हणाले. मग स्वतः पुढे वाकून एका बोटाने त्यांनी इंग्रजीत टाइप केलं: कर्मचारी.

तेवढ्यात मिन्जू आली. दार उघडंच होतं. ती उंबऱ्याशी, मास्क लावून, फार्मसीच्या युनिफॉर्ममध्ये उभी राहिली. आधी कोरियनमध्ये काहीतरी म्हणाली आणि मग, कदाचित मलाही कळावं म्हणून, इंग्रजीवर आली.

"तिथे पोचल्यावर क्वारंटाइन आहे. तोवर त्यांना पुरून झालेलं असेल. परत कधी येता येईल ते कोणालाच माहीत नाही. आणि इथे आई आहे."

"तिला मी लागत नाही," कांगसाहेब म्हणाले.

"तुम्ही लागत होतात तेव्हा कुठे होतात?" तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते ऐकणं जास्त अवघड गेलं. "मी जन्मले तेव्हा आला नाहीत. आजी वारली, तुमची स्वतःची आई, तेव्हा आला नाहीत, कारण पुण्याची लाइन सुरू व्हायची होती. आणि या माणसासाठी तुम्ही जगाचे दरवाजे बंद असताना निघालात?"

कांगसाहेब उठून उभे राहिले. "त्यांनी मला जेवायला घातलं."

"आईने नाही घातलं?"

कांगसाहेब परत लॅपटॉपपुढे बसले. अर्ज त्यांनी पाठवला. दोन दिवसांत नकार आला. जवळचं नातं नाही. कंपनीने जुन्या कर्मचाऱ्यांना श्रद्धांजली वाहता यावी म्हणून वेबसाइटवर एक पान उघडलं होतं. तिथे कर्मचारी क्रमांक टाकला की आपलं नाव आणि चार ओळी लिहिता येत. कांगसाहेबांचा क्रमांक पत्र्याच्या शेडमधला, दोन आकडी. पान सहा आकडे मागत होतं. आम्ही पुढे शून्यं लावून पाहिली. 'अशी नोंद नाही,' असं लाल अक्षरांत आलं. त्यांनी ते वाचलं, लॅपटॉप हळूच मिटला आणि मला "थँक्यू, ताई" म्हणून घरी गेले. थोड्या वेळाने कपडे वाळत घालताना मला ते त्यांच्या अंगणात दिसले. उत्तरेकडे, कोरियाच्या दिशेला तोंड करून, सुटाची पर्वा न करता, ओल्या गवतावर गुडघे आणि कपाळ टेकून ते नमस्कार करत होते. उठताना त्यांना कुंपणाचा आधार घ्यावा लागला.

मोठ्या साहेबांनंतर घराण्यात वाटण्या झाल्या. मुलांची भांडणं आधीच कोर्टात गेलेली होती. गोदी एकाकडे, विमा दुसऱ्याकडे, आणि फ्रिजचा धंदा अमेरिकेत शिकून आलेल्या एका नातवाकडे. नातवाने हिशेब पाहिला आणि पुण्याचा कारखाना बंद करायचं ठरवलं. हे कांगसाहेबांना कंपनीने कळवलं नाही. कळवलं ते भोसल्यांनी.

भोसले म्हणजे त्यांचे तिथले फोरमन. कारखान्याचं कुंपण घातलं जात होतं तेव्हापासूनचे. दिवाळीला न चुकता त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. या वेळी एका शनिवारी दुपारी आला, आणि भोसले इतक्या भरभर बोलत होते की कांगसाहेबांना काही कळेना. ते फोन तसाच धरून आमच्याकडे आले. "ताई, ऐका. सांगा मला."

मी ऐकलं. तिकडे करोनाची लाट पुन्हा वाढत होती. गेटला कुलूप लागलं होतं, नोटीस चिकटवली होती. भोसल्यांनी आपला मुलगाही तिथेच चिकटवून घेतला होता, कांगसाहेबांच्या शब्दावर. आता बापलेक दोघंही घरी होते, आणि कंपनीचा मेडिकल विमाही महिनाअखेर संपणार होता.

"साहेबांना म्हणावं, हेडऑफिसला एक फोन करा फक्त," भोसले मला म्हणाले. "त्यांचा शब्द तिथे चालतो. मोठ्या साहेबांच्या ताटात जेवलेत ते. आम्हाला पहिल्या दिवशी त्यांनीच सांगितलेलं, कंपनी म्हणजे घर. घरातनं असं कुणी काढतं का, तुम्हीच सांगा!"

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. काही गाळावंसं वाटत होतं, पण गाळलं नाही. कांगसाहेब स्क्रीनकडे बघत होते. भोसल्यांचे केस आता पूर्ण पांढरे झाले होते आणि मास्क हनुवटीवर ओढलेला होता.

"भोसले," ते शेवटी मराठीत म्हणाले, "मी फोन करतो."

त्यांनी खरोखरच केले. पुढचे तीन आठवडे रोज. कधी ऑपरेटर, कधी रेकॉर्ड केलेला आवाज, कधी एखादी तरुण सेक्रेटरी जी त्यांचं नाव पुन्हा पुन्हा विचारायची. ज्यांना ते ओळखत होते ते मेलेले होते किंवा त्यांच्यासारखेच कुठेतरी मुलांच्या घरात बसलेले होते. नातवाला त्यांनी लहानपणी खांद्यावर घेऊन कारखाना दाखवला होता. त्याच्यापर्यंत निरोप पोचला की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता.

भोसल्यांचा पुन्हा फोन आला तेव्हा त्यांनी मला मध्ये घेतलं नाही. मी कुंपणाच्या अलीकडून ऐकत होते. भोसले बोलत राहिले. कांगसाहेबांनी मध्येच त्यांना थांबवलं आणि सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाले, "भोसले. ऐका. मी कोण? मी कोणी नाही."

मग भोसले म्हणाले, "असं नका म्हणू साहेब." आणि फोन ठेवला. त्यानंतर भोसल्यांचा फोन आला नाही. कांगसाहेबांनी लावून पाहिला, तर नंबर बंद लागत होता. तो बंद का होता, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

त्यानंतर ते अंगणात कमी दिसू लागले. किमची घालणं थांबलं. मी मिसळ पाठवली तर डबा धुऊन, रिकामा परत आला, तोही मिन्जूच्या हातून. एकदा मी मुद्दाम मायक्रोवेव्ह बिघडल्याचं सांगितलं. वाटलं, स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावत येतील. ते म्हणाले, "नवा घ्या, ताई. दुसऱ्या कंपनीचा. ती कंपनी आता बरोबर नाही." 'ती कंपनी'. मला क्षणभर कळेचना ते कोणाबद्दल बोलतायत.

सिडनी पुन्हा बंद झालं तेव्हा खिडकीच्या भेटीही थांबल्या. थंडीच्या शेवटाला एका सकाळी ते बाथरूममध्ये कोसळले. करोना नव्हता, हृदय होतं. पण हॉस्पिटलात कोणालाच आत सोडत नव्हते. त्यांना वेस्टमीडला आणलं होतं. मी त्याच आवारात पलीकडच्या इमारतीत नळ्यांमधलं रक्त तपासत होते आणि मलाही वर जाता येत नव्हतं. मिन्जूने कार पार्कमध्ये बसून फोनवर त्यांना पाहिलं. नर्सने फोन त्यांच्या तोंडाजवळ नेला होता, पण ते काय पुटपुटले ते तिला समजलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले.

अंत्यसंस्काराला दहा माणसांची मुभा होती. तेवढीही जमली नाहीत. मिन्जू, तिचा नवरा, निखिल, मी, आणि त्यांच्या चर्चमधलं एक वयस्कर जोडपं. कांगसाहेबांच्या बायकोला कळवलं नव्हतं. ती अजून नववर्षाची वाट बघत होती. हॉलमध्ये खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. समोर त्यांचा फोटो, आणि फोटोच्या बाजूला माणसापेक्षा उंच, पांढऱ्या शेवंतीची तीन थरांची भलीमोठी आरास. तिच्यावरून एक रुंद रेशमी पट्टा खाली सोडला होता, काळ्या कोरियन अक्षरांचा. त्या अक्षरांच्या खाली ते चिन्ह होतं, जे मी रोज माझ्या मायक्रोवेव्हवर बघते.

मी मिन्जूच्या जवळ जाऊन, जवळ म्हणजे जेवढं चालत होतं तेवढं, म्हटलं, "पाठवलं की गं त्यांनी. शेवटी पाठवलं."

मिन्जूने फोटोकडेच बघत, ओठ न हलवता उत्तर दिलं. "मी ऑर्डर केलंय. इथल्याच, स्ट्रॅथफिल्डच्या कोरियन दुकानात. पट्ट्यावर चेअरमनचं नाव मीच घालायला सांगितलं." मग म्हणाली, "आमच्यात कंपनीची फुलं नसली की लोकांना वाटतं, माणूस आयुष्यभर काहीच करत नव्हता. प्लीज, कोणाला बोलू नकोस. ते बघतायत."

भिंतीवर स्क्रीन लावला होता. त्यावर सोलमधली एक खोली दिसत होती आणि तिथे तीन म्हातारे काळ्या सुटांत, मास्क लावून, ओळीने बसले होते. त्या पत्र्याच्या शेडमधले उरलेले. मिन्जूने कॅमेरा जरा वळवला, फुलं पूर्ण दिसतील असा. त्यांच्यातला एक पुढे झुकला, डोळे बारीक करून त्याने पट्टा वाचला, मग चष्मा काढून पुसला आणि शेजाऱ्याला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, कांग भाग्यवान. कंपनीने लक्षात ठेवलं."

तिघंही उठले. एकमेकांना आधार देत त्यांनी कोटांची बटणं लावली आणि त्या फुलांपुढे कमरेतून वाकले, बराच वेळ. घरच्या माणसाने परत नमस्कार करायचा असतो. मिन्जू दोन पावलं पुढे गेली, स्क्रीनसमोर उभी राहिली आणि त्यांच्याहून खाली वाकली.